तोफेला शॉकअप मिळाला, कानाला नाही

माझ्या ओपीडीत दर महिन्याला एक माजी सैनिक येतात. साठीला टेकलेले, बांधा अजून ताठ, मिशा पांढऱ्या. रक्तदाबाच्या गोळ्या घेतात आणि जातात. मी काही विचारलं की ते चेहरा जरा डावीकडे वळवतात, म्हणजे उजवा कान माझ्यासमोर येतो. उत्तर मात्र बहुतेक वेळा त्यांच्या पत्नीच देतात. "साहेब, ह्यांना आवाज जातो, पण शब्द कळत नाही. टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारची पोरं हसतात." मागच्या खेपेला मी विचारलं, "काका, फौजेत कशावर होता?" ते म्हणाले, "तोफखान्यात. बोफोर्सवर. कारगिलला होतो." आणि लगेच पुढे, जणू काही विशेष नाही अशा सुरात, "तोफखान्यातला माणूस बहिरा व्हायचाच की."

हे वाक्य गावोगावी ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. तोफखान्यातला माणूस बहिरा का होतो, याचं कारण नशिबात शोधायची गरज नाही. ते तोफेच्या इतिहासात सापडतं, आणि तो इतिहास फार जुना नाही.

आज 'गोलंदाज' म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. पूर्वी गोलंदाज म्हणजे तोफेचा गोळा डागणारा. अशा गोलंदाजांची एक मोठी लढाई आपल्याच मराठवाड्यात झाली. आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या फौजेची सुमारे शंभर तोफांची फळी वेलस्लीच्या सैन्यासमोर उभी होती. काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि इंग्रज पुढे निघून गेल्यावर उठून पाठीमागून पुन्हा मारा करू लागले. जिंकणाऱ्यांचीही दीड हजारांहून जास्त माणसं त्या दिवशी मेली किंवा जखमी झाली. तरीही त्या काळची एक तोफ, उत्तम शिकलेल्या हातांत, मिनिटाला दोन-तीन गोळ्यांपलीकडे जात नसे. प्रत्येक बारानंतर नळीत ओला बोळा फिरवायचा, कारण आत ठिणगी राहिली तर पुढची दारू हातातच पेटायची. मग दारू, मग गोळा, मग ठासणी. त्यातही सगळ्यात मोठी अडचण म्हणजे धक्का. बार झाला की तोफ चाकांसकट मागे पळायची. ती ढकलून जागेवर आणा, पुन्हा नेम धरा. आणि मागे येणारी तोफ अंगावर येऊ नये म्हणून बार व्हायच्या आधी सगळ्यांनी बाजूला सरकायचं.

हे चित्र पहिल्यांदा बदललं ते समुद्रावर. १८७०-८० च्या सुमारास पाणतीर सोडणाऱ्या लहान, वेगवान नावा आल्या. एवढीशी नाव जवळ येऊन एका पाणतीराने अवाढव्य युद्धनौका बुडवू शकत होती. मोठी तोफ दुसऱ्यांदा भरून होईपर्यंत ती नाव काम उरकून जायची. म्हणून १८८१ मध्ये ब्रिटिश आरमाराने मिनिटाला नेम धरून निदान बारा गोळे टाकेल अशी तोफ मागितली. हॉचकिस आणि नॉर्डेनफेल्ट यांच्या तोफा पुढे आल्या. पितळी काडतुसात दारू आणि गोळा एकत्र, मागून उघडणारं झटपट दार, आणि धक्का शोषणारी बैठक. पुढे आर्मस्ट्राँग कंपनीच्या ४.७ इंची तोफेची चाचणी झाली तेव्हा तिने दहा गोळे ४७.५ सेकंदांत टाकले. जवळपास त्याच मापाच्या जुन्या पद्धतीच्या तोफेला त्याच दहा गोळ्यांसाठी पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. याच सुमारास बिनधुराची दारू आली. ती आली नसती तर एवढ्या वेगाचा उपयोगही झाला नसता, कारण दुसऱ्या गोळ्यापासून धुराशिवाय काहीच दिसलं नसतं.

जमिनीवरची क्रांती १८९७ मध्ये फ्रान्सच्या ७५ मिलिमीटरच्या तोफेने केली. तिचं तत्त्व आज आपल्या मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये आहे. नळी बैठकीवर घसरत सव्वा मीटरभर मागे येते, तेल बारीक छिद्रातून दाबलं जातं, त्यात धक्का जिरतो, आणि दाबलेली हवा नळीला पुन्हा पुढे ढकलते. चाकं जागची हलत नाहीत. चाकावर ठेवलेला पाण्याचा पेला सांडत नाही, अशी त्या तोफेची ख्याती सांगत. मिनिटाला पंधरा गोळे, आणि कसलेले लोक थोडा वेळ याहूनही जास्त टाकत.

वैद्यकाच्या दृष्टीने खरी गोष्ट इथे सुरू होते. तोफ मागे पळत नाही म्हटल्यावर माणसाला बाजूला व्हायची गरज उरली नाही. नेम धरणारा तोफेलाच जोडलेल्या आसनावर बसू लागला, भरणारा दाराशी उभा राहिला. पूर्वी माणूस प्रत्येक बाराच्या वेळी चार पावलं दूर असायचा आणि दोन बारांमध्ये उसंत असायची. आता तो हातभर अंतरावर आला, आणि बार चार सेकंदांनी होऊ लागले. सगळी अक्कल लोखंडाचा धक्का जिरवण्यात खर्च झाली. हवेतून येणारा धक्का कोणी जिरवला? तोपचीच्या कानाने.

आपल्या कानात एक छोटी संरक्षक व्यवस्था आहे. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक इवलासा स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा कमी करतो. पण तो आखडायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो, आणि तोफेच्या आवाजाचा कडेलोट एक-दोन हजारांश सेकंदातच होऊन जातो. म्हणजे चोर घर लुटून गेल्यावर कडी लावायची. आतल्या शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यासाठी जगात कुठे गोळी नाही, इंजेक्शन नाही. अशा क्षणिक आवाजाची मोठ्या माणसासाठी मर्यादा १४० डेसिबल मानतात. मोठ्या तोफेच्या चमूच्या जागी तो १७० च्या पुढे असतो. तीस डेसिबल म्हणजे थोडासा फरक वाटेल, पण डेसिबलचं गणित वेगळं आहे. दर तीन डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते, म्हणून तीस डेसिबल म्हणजे हजारपट.

आणि हा मार सगळ्या सुरांवर सारखा बसत नाही. आधी जातात ते उंच सूर, ४००० हर्ट्झच्या आसपासचे. बोलण्यातले स्वर खालच्या सुरात असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, च, थ, फ ही व्यंजनं उंच सुरात असतात, ती गळतात. 'आवाज जातो, शब्द कळत नाही' हे त्या बाईंचं वाक्य आमच्या पाठ्यपुस्तकापेक्षा अचूक आहे. 'सहा' मधला 'स' गेला की उरतो तो नुसता 'हा', आणि मेंदू अंदाजाने त्याचा 'दहा' करतो. हे उदाहरण मी कल्पनेने देत नाही. एका जुन्या नेमणुकीच्या गावी, जिनिंगमध्ये आयुष्य काढलेल्या एका मधुमेही रुग्णाला मी इन्सुलिन सहा युनिट सांगितलं, त्यांनी दहा ऐकलं. पहाटे घामाने भिजून बेशुद्ध अवस्थेत आणलं. साखर देऊन वाचले. चूक माझी होती. मान हलवली म्हणजे ऐकलं, असं मी धरून चाललो होतो. तेव्हापासून मी आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो आणि रुग्णाकडून म्हणवून घेतो.

कानावर गोष्ट थांबली असती तरी पुष्कळ होतं. पहिल्या महायुद्धात या वेगवान तोफा दोन्ही बाजूंनी हजारोंनी उभ्या राहिल्या आणि जखमींतले बहुसंख्य तोफगोळ्यांचे निघू लागले. १८५७ नंतर हिंदी लोकांच्या हाती डोंगरी तोफखाना सोडून तोफा द्यायच्या नाहीत असं इंग्रजांचं धोरण होतं. १९३५ पर्यंत ते तसंच राहिलं. त्यामुळे त्या युद्धात आपली बहुतेक माणसं तोफेच्या मागे नव्हती, समोर होती. मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कुटच्या वेढ्यात त्या जवळपास पाच महिने अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने टेकीला येऊन शरण गेल्या. मुंबईत तेव्हा नुकतीच बांधून झालेली वस्तुसंग्रहालयाची इमारत, आज आपण सहलीला जातो तीच, लष्करी रुग्णालय म्हणून वापरली जात होती.

त्याच काळात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' मध्ये 'शेल शॉक' हा शब्द मांडला. अंगावर जखम नाही, पण माणूस थरथरतो, दिसेनासं होतं, आठवण जाते, झोप उडते. हे मेंदूला बसलेल्या हवेच्या धक्क्याने की मनाला बसलेल्या भीतीने, यावर डॉक्टर भांडत राहिले. मायर्स यांना पुढे तो शब्दच नकोसा झाला. सेनाधिकाऱ्यांना भांडायचं नव्हतं, त्यांना तो भित्रेपणा वाटला. पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्याने आपल्याच तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळायला २००६ साल उजाडलं.

इथे एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डुलाली' म्हणतात. तो शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. तिथे १८६१ पासून ब्रिटिश फौजेची छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत सैनिक महिनोन्‌महिने तिथे पडून असत, उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने भ्रमिष्ट होत. पूर्ण वाक्प्रचार 'डुलाली टॅप' असा होता, त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. फाळणीनंतर काकूलची तोफखाना शाळा भारतात आली ती याच देवळालीला. आज देशभरचे तोपची तिथे शिकतात.

आता विज्ञान कुठे आलं आहे? मायर्स यांच्या काळातल्या भांडणातली पहिली बाजू अगदीच चुकीची नव्हती, असं दिसू लागलंय. स्फोटांच्या धक्क्याला सामोरे गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी झाली, तिचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या ऊतींच्या सीमारेषांवर, जिथे पाणी आणि ऊती भेटतात तिथे, एक विशिष्ट प्रकारचा वण त्यांना आढळला. तपासलेले मेंदू मोजकेच होते, हे लक्षात ठेवायला हवं. पण पुढचं उदाहरण तोपचींचंच आहे. २०१७ मध्ये सीरियातल्या रक्का शहरावर अमेरिकी मरीन तोफखान्याच्या एका बटालियनने पाच महिन्यांत ३५ हजार गोळे डागले. दोन तोफांच्या नळ्या जळून निकामी झाल्या. नळ्या बदलल्या. त्या काळात तिथे तोफा चालवलेल्या चमूंमधल्या अनेकांना घरी परतल्यावर भास, धडकी, डोकेदुखी, विसरभोळेपणा सुरू झाला. शत्रूचा एकही गोळा त्यांच्याजवळ पडला नव्हता. जे काही लागलं ते स्वतःच्या तोफेचं.

कारगिलच्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले. बोफोर्स बारा-पंधरा सेकंदांत तीन गोळे टाकते. तिच्या बाजूला माणसं उभी असतात, त्यांतलेच एक माझ्यासमोर बसतात.

मी त्यांना विचारलं, "काका, जन्मात किती गोळे टाकले असतील?" त्यांना आपल्या तोफेचा आकडा बरोबर माहीत होता. नळी प्रत्येक गोळ्याने झिजते, म्हणून किती आणि केवढ्या भाराचे गोळे गेले याची नोंद तोफेच्या वहीत होते. ठराविक आकडा झाला की नळी बदलायची. "आणि तुमचा?" ते हसले. "माझी वही कुठाय डॉक्टरसाहेब?" 

माझं म्हणणं एवढंच आहे की ती वही असायला हवी. किती बार, कोणत्या तोफेवर, किती दिवसांत, कानात काय घातलं होतं, वर्षातून एकदा श्रवण तपासणीचा आलेख. नळीची नोंद ठेवणाऱ्या शिस्तीला हे जड नाही. २०२५ मध्ये आपल्या लष्कराने ३०७ नव्या देशी तोफांचा करार केला, त्यांतल्या बऱ्याच पुण्याच्या कारखान्यात तयार होणार आहेत. या तोफा मिनिटाला पाच गोळे टाकतात, आधीपेक्षा कितीतरी दूर. दूर टाकायचं म्हणजे दारूचा भार जास्त, आणि आवाजही. समुद्रावर हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत आलाय. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या युद्धनौकांवर मिनिटाला चार-पाच हजार गोळे फेकणारी सहा नळ्यांची तोफ असते, पण तिच्याजवळ कोणी उभं नसतं. चालवणारा आत पडद्यासमोर बसतो. जमिनीवर ओढून न्यायच्या तोफांशी मात्र माणूस अजूनही उभाच आहे.

वाचक म्हणतील, परभणीत तोफा कुठे आहेत? सोयाबीन निघाल्यावर मळणी यंत्रापाशी दिवसभर उभा असलेला माणूस बघा. मानवत-सेलूच्या जिनिंगमधले कामगार बघा. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला पाठ लावून नाचणारी पोरं बघा. आणि तोफच हवी असेल तर रानडुकरं, हरणं हाकलायला पाइप, कार्बाइड आणि लायटरची जी 'गन' शेतात वाजते ती बघा. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ भागात याच वस्तूने कित्येक मुलांचे डोळे भाजले. फटाक्यांचा आपला नियमच असा आहे की चार मीटरवर १४५ डेसिबलपर्यंतचा क्षणिक आवाज चालतो. मोठ्यांसाठीची मर्यादा १४०, लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना १२० सांगते. म्हणजे नियमात बसणारा सुतळी बॉम्बसुद्धा पोराच्या कानाच्या नियमात बसत नाही. आणि पोरं चार मीटर कधी मोजतात?

बार कानाशी झाला आणि कान बंद झाला, घंटी वाजू लागली, तर 'होईल बरं' म्हणून महिना घालवू नका. दोन-तीन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, कारण काही रुग्णांना सुरुवातीलाच स्टेरॉइडचा उपयोग होतो, नंतर नाही. पडदा फाटला असेल तर बहुतेक लहान भोकं काही आठवड्यांत आपोआप बुजतात. अट एक, कानात तेल घालायचं नाही. आपल्याकडे पहिला उपाय तोच होतो, लसूण घालून गरम केलेलं तेल. फाटक्या पडद्यातून ते आत जातं आणि साधी जखम पिकते. पाणीही जाऊ देऊ नका, नाक जोराने शिंकरू नका. मळणीच्या वेळी कापसाचा बोळा घातला म्हणजे काम झालं असं नाही, त्याने पाच-सात डेसिबलच कमी होतात. फोमचे प्लग नीट पिळून आत घातले तर वीसपेक्षा जास्त कमी होतात. ते महाग नाहीत.

आता प्रमाणपत्राचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे 'ऐकण्यास कठीण' ठरायला बोलण्याच्या सुरांमध्ये दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची हानी लागते. आमच्या काकांचे खालचे सूर शाबूत आहेत, वरचे गेलेत. सरासरी काढली की ते जवळपास चांगले ठरतात. कागदावर बहिरे नाहीत आणि घरात नातवाशी बोलू शकत नाहीत. मी बोर्डावर बसलेलो आहे, नियमाबाहेर जाऊन सही करता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण नियम आवाजाने झालेल्या हानीला मोजायला अपुरा आहे, हे बोर्डावर बसणाऱ्यांनीच म्हणायला पाहिजे. राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ पासून चालू आहे. त्याच्या शिबिरांत निदान ४००० आणि ६००० हर्ट्झचा आलेख प्रत्येकाचा काढावा, आणि केसपेपरवर एक ओळ वाढवावी: कोणत्या आवाजात, किती वर्षं. मी ती ओळ माझ्यापुरती पेनाने लिहायला सुरुवात केली आहे. दहा-पंधरा सेकंद लागतात.

काकांचा आलेख झाला. ४००० ला खोल खड्डा आहे, दोन्ही बाजूंना, डावीकडे जास्त. यंत्राने थोडी मदत होईल, पूर्ण नाही, हे मी कागदावर लिहून त्यांना दाखवलं. त्यांनी वाचून मान हलवली, मग मी ते त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. पत्नीला सांगितलं की बोलताना समोर या, ओरडू नका, सावकाश बोला, टीव्ही बंद करून बोला. बरोबर नववीतला नातू होता. गेल्या दिवाळीपासून त्याच्या एका कानात शिटी वाजते, हे तो सहज बोलून गेला, आजोबांना काहीच ऐकू गेलं नाही. येत्या गुरुवारी त्याला बोलावलंय.